चारचौघांत वाजलेली थाळी

नवीन लेकरू बालवाडीत आलं की आमच्या बाई आधी त्याच्या पाठीमागं जाऊन थाळी वाजवायच्या. नाव-गाव नंतर. स्टीलची जेवायची थाळी, तिच्यावर पळीचा असा फटका की लेकरू भोकाड पसरायचं आणि आई धावत यायची. बाई तिला हातानंच थांबवायच्या. "रडलं ना? कान ठीक हायेत. जा तुम्ही." बाळ जन्मलं की थाळी वाजवायची चाल आमच्याकडं आहेच, त्यामुळं बायकांना वाटायचं, बाई दृष्टच काढून राहिल्यात. गावानं त्यांचं नाव पाडलं थाळीवाल्या बाई.

भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातलं आमचं अख्खं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलं. तिथं कुण्या संस्थेनं बालवाडी काढली आणि बाई नायगावाकडून आल्या. एकट्याच होत्या. मालक कुठं असतात, असं एका बाईनं विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या मालकाचं राहू द्या. तुमच्या पोराला चड्डीचं बटन लावता येतं का, ते सांगा."

माया म्हणतात ती त्यांच्यात दिसायची नाही. कुणाला मांडीवर घेतलं नाही, कुणाचा मुका घेतला नाही. पुढ्यात तूर-हरभऱ्याची मिसळ टाकायच्या आणि निवडायला लावायच्या. खडूनं रेघ मारून तिच्यावरून चालायला लावायच्या. लोकांना वाटायचं, पोरं खेळतायत. बाईंची नजर मात्र कोण दाणा डोळ्याशी नेतं, कोणाचा तोल जातो, यावर. एक आई कौतुकानं म्हणाली, "आमची लई लाजाळू हाय बाई, मान वर करत न्हाई."

"लाजाळू कशाची? दिसून न्हाई राहिलं तिला. चष्मा आणा, न्हाईतर जाईल एक दिवस हिरीत."

त्या आईनं बाईंना गावभर शिव्या दिल्या. चष्मा मात्र आणला.

सुमी माझी धाकटी बहीण. भूकंपाच्या पहाटे ती तान्ही होती, मातीखालून जिवंत निघाली. तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नव्हता. सगळे म्हणायचे, धक्का बसलाय. त्या दिवसांत आमच्याकडं सगळ्यालाच धक्का बसलेला असायचा. म्हैस आटली, धक्का. म्हातारा जावयाला ओळखेना, धक्का. आमच्या वडलांना, आबांना तर सुमीच्या मुकेपणाचा अभिमानच होता. गाडीतून साहेब लोक उतरले की आबा तिला पुढं करायचे, "ही आमची भूकंपातली पोर." साहेब हळहळायचे, फोटो काढायचे. शेडमधल्या दुसऱ्या कुणाच्या लेकराला तो मान नव्हता.

बालवाडीत तिला मीच घेऊन गेले. थाळी वाजली. बाकीची पोरं दचकली, सुमी मणी ओवत राहिली. बाईंनी जवळ जाऊन पुन्हा वाजवली. सुमीनं पुढचा मणी घेतला. मग बाईंनी जमिनीवर जोरात पाय आपटला, तेव्हा तिनं वळून पाहिलं. त्याच दुपारी बाई आमच्या शेडमध्ये आल्या आणि आईला उभ्याउभ्या म्हणाल्या, "पोरीला भूकंपाचं काही झालेलं न्हाई. बहिरी हाय. लातूरला न्या, कानाला मशीन लावा, आत्ताच. बोलणं ह्याच वयात येतं. ही वर्षं गेली की मशीन लावून बी बोलायची न्हाई."

आई रडायला लागली. आबा भाकरी मोडता मोडता थांबले. "बहिरी म्हणलं तर हिच्या मोठ्या बहिणीला कोण करून घेईल? रक्तात दोष हाय म्हणतील."

मोठी बहीण म्हणजे मी. सातवीत होते. माझ्या लग्नासाठी तिचे कान झाकायचे ठरले, आणि मला काही कुणी विचारलं नाही.

बाई पुन्हा आल्या, पुन्हापुन्हा आल्या. आबांचं एकच, "धक्का हाय, उतरंल."

"तुमचा कधी उतरणार?" बाई म्हणाल्या, आणि आबांनी त्यांना दार दाखवलं.

दुसऱ्या कुणा शहाण्या माणसानं मग आईच्या भावाला मध्ये घातलं असतं, डॉक्टरकडून वदवलं असतं. बाईंना ते जमणारं नव्हतं. त्यांना वाटायचं, खरं एकदा डोळ्यांनी दिसलं की माणूस मानतोच. एका संध्याकाळी आबा लिंबाखाली चारचौघांत बसले होते. पुढ्यात सुमी, शेंगा सोलून खात होती. बाई मागून आल्या आणि थाळी अशी वाजवली की सगळी बैठक उठली. कुण्या एकाची पेटती बिडी धोतरात पडली, तो नाचायला लागला, लोक खदाखदा हसले. सुमी शेंगा सोलत होती. मग एकेकाचं लक्ष तिच्याकडं गेलं आणि हसू विझलं.

"बघा," बाई म्हणाल्या, "सगळे बघून घ्या. आता कुणाला भूकंप सांगता, आबा?"

आबा सुमीला उचलून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून सुमीची बालवाडी बंद, आणि लातूरचं नाव काढायची आईला बंदी. आबांनी सरपंचाला धरून संस्थेकडं तक्रार नेली, बाई लेकरांना भेवडावते म्हणून. पेटी डोक्यावर घेऊन बाई गेल्या. निरोप द्यायला कुणी नव्हतं. मीपण नव्हते, आबांनी कोंडलं होतं.

सुमी पहिलीत गेली. गुरुजी तिला मुद्दाम गप्प बसते म्हणून मारायचे. पुढं तालुक्याच्या शिबिरात डॉक्टरांनी तपासलं आणि आबांना तेच सांगितलं, जे बाईंनी सांगितलं होतं. डॉक्टर पुरुष होता, पॅन्टशर्टातला होता, आबांनी मान डोलावली. मशीन लागलं. आवाज आत जायला लागले, शब्द बाहेर आले नाहीत. ती वर्षं गेली होती. मग मूकबधिर शाळेत ती हातांनी बोलायला शिकली, तिच्याकडून मी शिकले.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. ज्या लग्नासाठी हे सगळं झालं ते करणार नाही, असं आबांना तोंडावर सांगून मी लातूरला आले. तेव्हा गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो खांबाखांबावर. अशाच एका क्लासच्या वरच्या मजल्यावर बाई सापडल्या. लहान पोरांचा वर्ग चालवत होत्या. एक बाप विचारत होता, "मॅडम, इथून पाया पक्का होईल ना? डॉक्टर करायचंय."

"आधी त्याला शी आलेली सांगू द्या," बाई म्हणाल्या. "मग करा डॉक्टर."

पुढच्या सुट्टीत मी सुमीला घेऊन गेले. बाई थकल्या होत्या, खुर्चीतून उठल्या नाहीत. सुमीच्या ओठांकडं बघत म्हणाल्या, "नाव सांग, बाळा." सुमीनं तोंड उघडलं आणि घशातून जे निघालं ते ऐकून वर्गातली पोरं हसली. बाईंनी पोरांना गप्प केलं नाही.

"मी अजून जोरात भांडायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.

"न्हाई बाई," मी म्हणाले, "हळू बोलायला पाहिजे होतं. चारचौघांत थाळी वाजली नसती तर आबा वर्षभरात वळले असते."

सुमीनं हातानं विचारलं, काय झालं? मी हात हलवला, काही नाही. बाईंनी खुर्चीतूनच माझं मनगट पकडलं. "तिला असं फसवू नको. सगळं सांग. माझं बी सांग."

मी सांगितलं. लिंबाखालची बैठक, आबांचा राग, गेलेली वर्षं. हात दुखेपर्यंत सांगितलं. सुमी आधी माझ्याकडं बघत होती, मग बाईंकडं बघायला लागली. बाईंनी नजर चोरली नाही.

निघताना मी बाईंच्या पाया पडले. सुमी पडली नाही. चपला घालून जिन्यात जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी ओशाळले, काहीतरी सारवासारव करायला लागले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "नीट समजलंय तिला. लई हुशार हाय."

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्याचं कळलं. मी सुमीला सांगितलं. तिनं एकदाच मान हलवली आणि पुन्हा कणीक मळायला लागली.