हार्लन फेटरॉल्फची पहिली पावती

हार्लन फेटरॉल्फला मासे पकडता येतात, असं फक्त हार्लन फेटरॉल्फलाच वाटतं. हा माझा शेजारी, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी ठीक आठला आमच्या पेनसिल्व्हेनियात ट्राउट मासे पकडायचा हंगाम उघडतो. सरकारी उद्यानातल्या ओढ्यावर तेव्हा दोनशे शहाणी माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. मासे गुरुवारी ट्रकमधून आणून सोडलेले. बिचारे जन्मभर टाकीत वाढलेले. त्यांना डब्यातला मका दाखवून पकडायचं आणि वर्षभर वाघ मारल्यासारखं मिरवायचं.

हार्लन मिरवायचा ते वेगळ्याच गोष्टीवरून. त्रेचाळीस हंगामांत त्याला एकदाही दंड झाला नव्हता. आठच्या आधी गळ पाण्यात नाही, दिवसाला पाचच्या मर्यादेवर सहावा मासा नाही. सहावा कधी लागलाच नाही, असं मी म्हटलं की तो मला कॉफी विचारत नसे.

यंदा त्याचीच मुलगी मार्लिस या ओढ्यावर मत्स्य अधिकारी म्हणून आली. हिवाळाभर बारमध्ये तिची टिंगल चालली होती. क्लेट शूप नावाच्या हार्लनच्या दांडगट दोस्ताने तर जाहीरच केलं, की आपण आठच्या आधी गळ टाकणार, बघू पोरगी काय करते. तिने सोडलं तर ती घाबरट, आणि पावती फाडली तर बापाच्या दोस्तावर राग काढला, असं म्हणायला गाव मोकळं. दोन्हीकडून पोरीचीच शोभा. हार्लन हे सगळं ऐकत बियर पीत बसायचा. मला त्याची चीड आली होती.

शनिवारी आठला सहा मिनिटं कमी असताना क्लेटने सगळ्यांकडे बघत गळाची काठी उचलली. तेवढ्यात शेजारी टपकन आवाज झाला. हार्लनचा गळ पाण्यात पडला होता.

मार्लिस काठाकाठाने चालत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मिस्टर फेटरॉल्फ, परवाना दाखवा."

"टोपीला आहे. सकाळी तूच लावून दिलास."

"आठ वाजले नाहीत अजून."

"मग? बापाला पावती देणार तू?"

तिने खिशातून पेन काढलं, उभ्या उभ्या पावती लिहिली आणि पुढे धरली. "इथे सही करा."

कुणी हसलं नाही. क्लेटने काठी हळूच खाली ठेवली आणि आठ वाजेपर्यंत सिगारेट ओढत बसला.

परतताना गाडीत मी हार्लनला फाडून खाल्लं. एवढं नाव कमावलंस आणि सहा मिनिटांसाठी घालवलंस, घड्याळ कळत नाही का तुला?

"त्रेचाळीस वर्षं तेच तर बघत आलोय," तो म्हणाला. मग पावती त्याने माझ्या नाकासमोर धरली. "अक्षर बघ पोरीचं. हात जरासुद्धा हलला नाही."