माझ्यासाठी लावलेली आग

मुलगी नोकरीला लागून परगावी गेली त्या वर्षी मी कॉलेजात गेले. घरातून कुणीतरी डबा घेऊन बाहेर पडलं नाही तर मला सकाळ सुनी सुनी वाटते. वृत्तपत्रविद्येची पदव्युत्तर पदवी, विशेष विषय पर्यावरण. कडेगावहून सांगलीला एसटीनं जायचं. पहिल्या दिवशी पोरं मला प्राध्यापक समजून उभी राहिली. मीही त्यांना लगेच ‘बसा’ म्हणाले नाही.

शेवटच्या सत्रात एक मोठा वृत्तांत करायचा होता. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ज्याचा चांगला होईल त्याचा एका दैनिकात छापून येईल, आणि त्याच्या तालुक्याची बातमीदारीही त्यालाच मिळेल. ती मला हवीच होती. लोकांच्या भानगडीत नाक खुपसायचं आणि वर मानधन घ्यायचं. आजवर हे काम मी फुकट करत आले होते.

मी पाचट हा विषय घेतला. ऊस तुटून गेला की रानात वाळका पाला उरतो, तो पेटवून द्यायची आमच्याकडं रीत. धूर, राख, भाजलेली माती, सगळं लिहून झालं. आमच्या घरी पाचट जाळत नाहीत, हेही ऐटीत लिहिलं. कष्ट अर्थात दिरांचे. ते फौजेतून निवृत्त. मी एकदा सांगितलं ते त्यांनी हुकूम म्हणून घेतलं आणि तेव्हापासून पाचट सरीत कुजवायला लागले.

राहिला फक्त पेटलेल्या रानाचा फोटो. तो काही मिळेना. मी मोबाइल घेऊन बांधावर दिसले की काडेपेट्या खिशात जायच्या. एक आजोबा तर धुमसत्या पाचटाशेजारी उभे राहून म्हणाले, “आपोआप लागलं गं. आमी न्हाई बा.”

जेवताना मी कुरकुरले. दीर समोरच जेवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. “वयनी, ओढ्याकडच्या रानात या. मोबाइल चार्ज हाय न्हवं?”

गेले, तर आमचंच रान पेटलेलं. पाठीवर फवारणीचा पंप बांधून दीर पहाऱ्याला उभे.

“आवं भावजी, हे काय केलंत?”

“तुमाला फोटू पायजे हुता न्हवं? लोकांच्या बांधावर किती हिंडणार? काढा बिगीनं, वारं फिरतंय.”

“आपण जाळत नाही म्हणून लिहिलंय मी.”

“मग आपलं रान हाय म्हणून कोण लिव्हायला सांगतंय?”

पत्रकारितेच्या नीतीवर आम्हाला एक अख्खा पेपर होता. त्यात दीर नव्हते. मी फोटो काढले. ठिबकच्या नळ्या गोळा करायला ते विसरले होते, त्या पेटल्या, आणि काळ्या धुरानं फोटो आणखी झकास आला.

मॅडमना पाठवला. उत्तर आलं, ‘अप्रतिम. कुणाचं शेत?’

‘परिसरातील एका शेतकऱ्याचं’ असं लिहिलं. खोटं तर काहीच नव्हतं. पाठवायला अंगठा उचलला आणि तसाच राहिला. सगळं पुसून लिहिलं, ‘आमचं. माझ्या फोटोसाठी पेटवलंय.’

मॅडमचा फोनच आला. “मग हा फोटो छापता येणार नाही.”

“मला वाटलंच. बातमीदारी गेली का हो?”

“आधी हे सगळं लिहून काढा, मग बघू.”

दिरांना विचारलं. ते जळक्या नळ्या गुंडाळत होते. “लिव्हा की. घडलंय त्ये घडलंय.”

वृत्तांत छापून आला, त्यांच्या परवानगीनं, आगीपासूनच सुरुवात करून. चौकात त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. मग घरी येऊन म्हणाले, “नुसतं ‘लेखिकेचे दीर’? हुद्दा घालायचा हुता.”

बातमीदारी मला मिळाली. पहिला फोन शेजारच्या बांधावरून आला. “वयनी, उद्या आमचं पाचट पेटवायचंय. तुमाला कवा जमतंय?”