पुढच्या शिडाची फिरकी

तुम्ही ज्या नावेने नदी ओलांडता, तिच्यावर वारा उठला की नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, कोण जातं? कधी पाहिलंय का?

मी पाहिलं नव्हतं. सारंगखेड्याच्या घाटावर माझ्या मामांची नाव होती आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून मी तिच्यात बसत होतो, तरी पाहिलं नव्हतं. मामा तरुणपणी सुरतेकडच्या गलबतांवर होते. तिकडून येताना ते एक सवय घेऊन आले: आपल्या छोट्या नावेला मोठ्या शिडाच्या पुढे आणखी एक तिकोनी शीड लावायचं. पश्चिमेचा वारा असला की ते शीड नावेला खालच्या प्रकाशा गावाकडून वर सारंगखेड्यापर्यंत ओढत आणी. वल्ह्यांना काम उरत नसे. लोक कौतुक करीत. पण ते शीड उतरवायची दोरी अगदी नाळेवर, टोकाच्या फळीपाशी होती. वारा अंगावर आला की कुणीतरी उठून तिथवर जायचं, ओल्या लाकडावर उभं राहायचं आणि फडफडणारं कापड दोन्ही हातांनी खाली खेचायचं. धरायला तिसरा हात कुणालाच नसतो.

त्या चैत्रात गेला तो माझा मामेभाऊ. तो आणि मी एका वयाचे. मामा त्या दिवशी घरी होते, नावेत आम्ही दोघेच. सुकाणू माझ्याकडे होतं, म्हणजे काखेत होतं, कारण दोन्ही हातांत पत्रक होतं. त्या काळात मी सुधारकांच्या पत्रकांवरच जगत होतो. हातोहात येणारे, घडी घालून घालून फाटलेले कागद मला पाठ असत आणि जो सापडेल त्याला मी ते ऐकवी. वारा वाढला तसा तो उठला. मी थांबलो. तो म्हणाला, "तू वाच, मी ऐकी ऱ्हायनू."

मी वाचलं. परिच्छेद संपवून वर पाहिलं तेव्हा नाळेवर कुणी नव्हतं.

वाऱ्याकडे नावेचं तोंड वळवलं असतं, तर शीड ढिलं पडलं असतं. एवढंच करायचं होतं. सुकाणू धरणाऱ्याचं काम तेवढंच असतं.

तो दुसऱ्या दिवशी सापडला. गावाने म्हटलं, तापीमाईने नेलं. मला त्या वाक्याचा संताप येई, अजून येतो. नदी कुणाला नेत नाही. चुकीच्या जागी बांधलेली दोरी नेते, सुकाणू सोडून वाचणारा माणूस नेतो. पण हे मी चावडीवर ओरडून सांगत होतो तेव्हा त्यातला दुसरा भाग मी गाळत असे.

त्यानंतर मामांनी नाळेवरच्या फळीवर कुणाला बसू दिलं नाही. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजाराला नाव माणसांनी खचाखच भरली तरी ती हातभर जागा मोकळी. कुणी चुकून टेकलाच तर मामा शांतपणे म्हणत, "ऊठ भो. ती त्यानी जागा शे." आणि शीड उतरवायला ते स्वतः जात. साठी उलटलेली, एक गुडघा आखडलेला. दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसत. मी मागे सुकाणू धरून बसे आणि दर वेळी मला त्यांच्या आधी आणखी दोन अनवाणी पावलं फळ्यांवरून पुढे जाताना ऐकू येत. ओली पावलं. कागद तर मी नावेत पुन्हा उघडलाच नाही.

पुढचा चैत्र यायच्या आत हे थांबवायचं, असं मी ठरवलं. नाहीतर मामाही त्याच फळीवरून जाणार, हे मला दिसत होतं.

शहाद्याला एका वाचनालयात जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा होता. त्यात एका लहान होडीचं चित्र सापडलं. तिचं पुढचं शीड खाली उतरवतच नव्हते, जागच्या जागी चटईसारखं गुंडाळत होते, तेही मागे बसून एका दोरीने. शिडाच्या तळाला दोरीच्या रिळासारखी एक फिरकी, डोक्याला एक फिरती कडी. दोरी ओढली की फिरकी फिरते आणि शीड स्वतःभोवती गुंडाळलं जातं. मी ते चित्र पेन्सिलीने उतरवून आणलं.

फिरकी आमच्या सुताराने बाभळीची कातून दिली. फिरत्या कड्यांसाठी मात्र लोहाराने हात टेकले. मग घोड्यांच्या बाजारात मला त्या सापडल्या: घोडा खुंट्याभोवती फिरला तरी दोर पिळू नये म्हणून लावतात त्या भोवरकड्या. मी दोन आणल्या. मामांनी एक हातात घेऊन फिरवली.

"घोडानी कडी नावले? आते नाव बी खिंकाळी का रे?"

वर्षभरात त्यांनी केलेली ती पहिली थट्टा.

एक कडी डोलकाठीच्या वरच्या टोकाला टांगली, तिच्यात शिडाचं डोकं. दुसरी नाळेवर पक्की केली, तिच्यावर फिरकी. त्यासाठी त्या मोकळ्या फळीला भोक पाडावं लागलं. मामा तेवढा वेळ घाटाच्या पायऱ्यांवर पाठ करून बसले होते. फिरकीची दोरी मी काठाकाठाने, साध्या कड्यांतून ओवत, सुकाणूपाशी आणली.

पहिल्या दिवशी फजिती झाली. शीड गुंडाळलेलं असताना मी फिरकीवर सगळी दोरीही गुंडाळून ठेवली होती. शीड उघडायला गेलो तर फिरकीवर दोरी मावेना आणि शीड अर्ध्यातच अडलं. मामी काठावरून बघत होत्या. म्हणाल्या, "तुन्हं शीड त झोपी गयं." मामांनी दोन मिनिटं पाहिलं आणि सगळी दोरी उतरवली. शीड उघडं तेव्हा फिरकी भरलेली, शीड गुंडाळलेलं तेव्हा फिरकी रिकामी. हे त्यांना चित्र न पाहता कळलं.

मग मामी लाल नाडा घेऊन आल्या. "नवी वस्तूले नाडा बांधतस. एवढं करू दे."

"मामी, लोखंड नाडानं ऐकस का?"

"कागद ऐकतस का मंग? दिनभर त्यासना संगे बोलस ना तू."

तरी मी बांधू दिला नाही. देव-दोऱ्यांवर मोठं भाषण केलं. त्या नाडा मुठीत घेऊन घरी गेल्या.

आता जे लिहितो आहे ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाव सुटायच्या आधी, घाटावर कुणी नसताना, मी भावाच्या, माझ्याकडे राहिलेल्या उपरण्याची एक पट्टी फाडली आणि फिरकीच्या बुडाशी बांधली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्याची जागा भोक पाडून घेतली होती, म्हणून असेल.

आठ दिवसांनी भर दुपारी वावटळ आली. नावेत सहा माणसं, एक शेळी. मी दोरी ओढली. फिरकीने चार वेढे घेतले आणि ती अडली. मी लोंबकळलो तरी हलेना. शीड अर्धं उघडं, नाव एका अंगावर कलू लागली. मोठ्या शिडापाशी उभे असलेले मामा जुन्या सवयीने ओरडले, "पुढे जाय रे!"

हाक माझ्यासाठी नव्हती. नावेतल्या कुणासाठीच नव्हती. ती ज्याच्यासाठी होती, त्याच्या पावलांची मी वाट पाहिली, आणि या वेळी ती वाजली नाहीत.

मामाच निघाले. मी सुकाणू दोन्ही हातांनी दाबलं आणि नावेचं तोंड वाऱ्यात घातलं. शीड ढिलं पडून फडफडू लागलं. "मामा, बसी जा! बसी जा!" मी ओरडत होतो. डोळे त्यांच्या पाठीवरून हलवले नाहीत. मामा गुडघ्यावर सरकत गेले आणि त्या फळीवर बसले. वर्षाने तिथे कुणी बसलं. त्यांनी चाकूने काहीतरी कापलं आणि हात वर केला. मी दोरी ओढली. शीड गुंडाळलं गेलं.

ते सरपटत परत आले. मुठीत उपरण्याचा पिळलेला, तेलकट तुकडा.

"हाई मामीनं बांधं का?"

"नही. मी."

त्यांनी तुकडा ओळखला होता. बराच वेळ तो उलगडत बसले. मग म्हणाले, "बांधानं व्हतं त डोलकाठीले बांधतास. फिरस त्या वस्तूले कोणी बांधस का?"

घाटावर पोचल्यावर त्यांनी तो स्वतः डोलकाठीला बांधला. मामींनी तो पाहिला; घरून नाडा आणला आणि त्याच्या शेजारी बांधला. मी भाषण केलं नाही.

मामा त्यानंतर नाळेवर गेले नाहीत. पावलं मला अजून ऐकू येतात, वाऱ्याच्या दिवशी जास्त.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या वेळी नावेत बसाल तेव्हा हातातला कागद खाली ठेवा, मग तो कितीही मोलाचा असो, माझा हाच का असेना, आणि शीड उतरवायची दोरी कुठे बांधली आहे ते बघा. ती नाळेवर असेल तर नाव सुटायच्या आत नावाड्याशी बोला. ती मागे, सुकाणूपाशी आणायला एक फिरकी आणि घोड्याच्या दोन कड्या लागतात. त्या मिळवायला त्याला मदत करा.