होस्टेलच्या अंगणात तिची चूल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अंबाडी निवडणं. हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या खोलीत, सकाळी, जुना पेपर पसरून. मी देठं ठेवायचो आणि बायको ओरडायची, "अवो, दोरखंड वळायचेत काय? नुसती पानं तोडा." पंचेचाळीस वर्षं संसार केला, पण मला भाजी निवडायला आली नाही.

भाजी होती विद्यापीठासाठी. तिथल्या पोरापोरींनी एक दिवस ठरवला होता. सगळ्या भाषांच्या, सगळ्या जातींच्या लोकांनी आपल्या घरचं रांधायचं आणि सगळ्यांना वाढायचं. ते राज्याचे दोन तुकडे व्हायचे दिवस. तेलंगणाची पोरं आणि आंध्राची पोरं मेसमध्ये एका टेबलाला बसत नव्हती. मला त्याचं नवल नव्हतं. निजामाच्या मुलखाच्या वाटण्या झाल्या तेव्हा मी तिसरीत होतो. आमचं गाव महाराष्ट्रात गेलं, पोट हैदराबादेत राहिलं, आणि माझी शाळा मधल्यामधे सुटली.

बायको तिथं मुलींच्या होस्टेलात वीस वर्षं झाडूवाली होती. मेसचं अंगण रोज झाडायची, पण चुलीपाशी तिला कुणी जाऊ दिलं नाही. आम्ही बौद्ध, म्हणून. तोंडानं तसं कुणी सांगत नसे, सांगायची गरजही नव्हती. आता रिटायर झाल्यावर पोरींनी तिलाच भाकरी करायला बोलावलं होतं. आठ दिवस ती एकच विचारत होती, "खातील का वो माझ्या हातचं?"

मी म्हणायचो, "न खाऊन जातील कुठं?" पण धास्ती मलाही होती.

अंगणात तीन विटांची चूल मांडून दिली होती. वर पाटी. मला इंग्रजी येत नाही, म्हणून जवळच्या पोरीला विचारलं. ती होस्टेलची पुढारी, वरंगलकडची. तिनं वाचून हिंदीत सांगितलं, "दलितों का खाना."

"बाकीच्यांच्या पाट्यांवर काय आहे?"

"बिहार, केरला, रायलसीमा..."

"म्हणजे त्यांचा मुलूख आणि आमची जात? हे कुणाचं डोकं?"

पोरीचं तोंड उतरलं. डोकं तिचंच होतं. तिला वाटलं होतं, मान दिला. मी अजून बोललो असतो, पण बायकोनं पिठात पाणी घातलं आणि म्हणाली, "ज्वारीची भाकरी लिव्ह, बाई. तवा तापला." पोरीनं पाटी पुसून तसं लिहिलं आणि स्वतःच पहिली जेवायला बसली. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. "अम्मा, और एक डालो ना!"

मग रांग लागली. तिच्यात दोन्हीकडची पोरं, आणि रांगेतच त्यांची जुंपली. बायकोनं उलथणं उगारलं, "लाइन में झगडे तो रोटी नक्को!" सगळे हसले. भाकरीसाठी गप्प झाले, राज्यासाठी नाही. तेवढं मी खरं सांगतो. पण पीठ संपलं तरी रांग होती.

बसमध्ये ती माझ्या कानाशी म्हणाली, "खाल्लं की वो." मी म्हणालो, "भाजीत मीठ जास्त होतं." ती खूप हसली.

तिन्हीसांजेला चहा ठेवते म्हणून उठली आणि दारातच बसली. दवाखान्यात नेईस्तोवर संपलं होतं.

मला कुणाचे आभार मानायचं वळण नाही. पण त्या पोरांनी तो दिवस ठरवला नसता, तर बायको ते विचारतच गेली असती. त्यांचं भलं होवो.

सकाळी माझा धाकटा भाऊ नांदेडहून काचीगुडा स्टेशनावर उतरून घरी आला. होस्टेलच्या आठदहा पोरीही आल्या. उचलायची वेळ झाली तेव्हा ती वरंगलची पोरगी पुढं आली. "चाचा, मैं भी कंधा दूं?"

भाऊ म्हणाला, "बाया खांदा देत नसतात. आणि ही कोण, कुठली?"

मी म्हणालो, "काल तुझ्या वहिनीच्या हातचं जेवलेली. तू दहा वर्षांत कधी आलास जेवायला?"

मी त्याला मागं सरकवलं आणि पुढचा एक बांबू पोरीच्या खांद्यावर दिला. दुसरा मी घेतला. ती बुटकी, तिरडी तिच्या बाजूला कलायला लागली. म्हणून मी गुडघ्यात वाकलो आणि तसाच चाललो.