बोकडाची फुप्फुसं आणि आमची धाकधूक

आमच्या लॅबमध्ये औषध कधी तयार होईल ते सांगता येत नाही. किस्से मात्र रोज तयार होतात. भोरमधल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: सर, मी आणि मार्गासनीहून एसटीनं येणाऱ्या मदतनीस सुमनताई.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं फुप्फुस श्वास सोडला की आतून चिकटतं, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखं. ते उघडं ठेवणारं औषध जनावरांच्या फुप्फुसांतून काढतात. आम्हाला ते जनावराशिवाय बनवायचंय. तपासणीला येणाऱ्या समितीला पटलं नाही, तर मार्चनंतर दोन्ही खोल्यांना कुलूप.

*

जनावराशिवाय औषध बनवायला आम्हाला आठवड्याला दोन बोकड लागतात, हे सरांपुढं बोलायचं नसतं. चाचणी शेवटी फुप्फुसावरच होते ना!

पहिल्यांदा मटणाच्या दुकानात गेले, तर सुरा आपटल्याबरोबर मी दोन पावलं मागं. चाचरत म्हटलं, "अख्खं द्या, श्वासनळीसकट. भोक नको. त्यात हवा भरायचीय."

दुकानातल्या काकांनी फुप्फुसं बांधून दिली. पिशवीत वरून कोथिंबीर टाकली. "असू द्या मॅडम. प्रयोग फसला तर रस्सा करा."

*

सुमनताईंच्या सासूबाईंनी एकदा विचारलं, "बाळाला पाजता कसं औषध?"

"पाजत नाही आजी. नळीनं श्वासनळीत सोडतात."

आजी सुनेकडं वळल्या. "आमी जलमभर पोरास्नी सांगतो, जेवताना बोलू नका, ठसका लागंल. अन् ही शिकून सवरून मुद्दाम लावती व्हय?"

*

बाटली हलवायची आणि फेस किती टिकतो ते बघायचं, ही आमची पहिली परीक्षा. एका सोमवारी फेस मोडेचना. दहा मिनिटं, अर्धा तास. सरांनी पेढे मागवले.

पेढा तोंडात असतानाच मला धास्ती वाटली. गुपचूप दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणी घालून हलवलं. तिच्यातही तस्साच फेस.

समिती येणार म्हणून सुमनताईंनी बाटल्या भांड्यांच्या साबणानं दोनदा घासल्या होत्या, आणि घाईत विसळायच्या राहिल्या होत्या. सुमनताई पेढ्यांचा बॉक्स झाकत म्हणाल्या, "औषधाचं न्हाई ठाऊक, पर साबण लई चांगलाय."

*

मग समिती आली. टेबलावर दोन फुप्फुसं, मूळचं औषध निघून जावं म्हणून आतून धुऊन घेतलेली. एकात नुसतं सलाईन, दुसऱ्यात आमचं औषध. हवा भरली, दोन्ही फुगली.

"आता सोडा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पहिलं चपटं झालं. दुसरं थोडं खाली बसलं आणि थांबलं.

"पाच मिनिटं बघू."

कुणी हललं नाही. सरांच्या हातातलं घड्याळ तेवढं चालू होतं. पाच मिनिटं झाली, तरी ते फुगलेलंच. सर काही बोलणार, तेवढ्यात सुमनताईंनी पायानं स्टूल ओढून माझ्या मागं सरकवलं.

"त्याचं झालं, सर. आता आमच्या मॅडमला श्वास सोडायला सांगा कुणीतरी."