सतरा नंबरचा फोटो

आईच्या हातात मी पाटी दिली. शाळेतल्या पोरांची असते तसली, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूने सतरा लिहिलं होतं. तेही मीच लिहिलं होतं.

"पाटी छातीशी धरा," मी म्हणाले. "मान सरळ. पदर डोक्यावरून काढा. कान दिसले पाहिजेत."

आईने पदर काढला. माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सोसायटीचे सेक्रेटरी प्रधानसाहेब खुर्चीत बसून बघत होते. दारापासून जिन्यापर्यंत बाकीच्या कामवाल्या रांगेत उभ्या.

मी डिजिटल कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फोटो हलला.

"परत घे," साहेब म्हणाले. "आणि हिला सांग, हसायचं नाही. हे लग्नाचे फोटो नाहीत."

आई हसत नव्हती. तिचे पुढचे दात ओठांबाहेर येतात. चेहराच तसा आहे.

"मावशी," मी माझ्या आईला म्हणाले, "तोंड मिटा."

तिने वरचा ओठ खाली ओढून दात झाकले. तशीच धरून राहिली. मी बटण दाबलं.

"पुढची," मी म्हणाले.

ती माझी आई आहे हे त्या ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. मीच माहीत होऊ दिलं नव्हतं. आम्ही आदिवासी. आईचं माहेर मिठागरावरचं, लहानपणी ती मीठ ओढायची. लग्न होऊन मुंबईजवळच्या सातिवलीला आली. वडील गेल्यावर तिने एव्हरशाईन सिटीच्या पलीकडच्या या सोसायटीत चार घरची भांडी-लादी धरली. त्यावर मला बारावी केलं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि त्याच सोसायटीच्या ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले. खुर्ची, टेबल, पंखा. पहिल्या दिवशी आई गेटवर समोरून आली. मी मान फिरवली. तिला कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या आधी पंधरा मिनिटं घरातून निघायला लागली. एकाच रस्त्याने, पुढेमागे. तिने कधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. सोसायटीचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. एकाने मेल टाकला की सगळ्यांना जायचा. पाण्याच्या टँकरपासून देशाच्या कारभारापर्यंत सगळ्यावर तिथे वाद चालायचा. ग्रुप सांभाळायचे अनिरुद्ध सर. सी विंगमध्ये राहायचे, मुंबईत मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचे. सरकारने काही वेबसाईट बंद केल्या तेव्हा त्यांनी तीन पानांचा मेल लिहिला होता. मी काय वाचायचं हे सरकार ठरवणार नाही, असं त्यात होतं. मी तो डिक्शनरी घेऊन वाचला. मला तो माणूस फार मोठा वाटला. ऑफिसातलं इंटरनेट त्यांनीच लावून दिलं होतं. मला ईमेल कसा उघडायचा तेही त्यांनीच शिकवलं. म्हणाले होते, "इंटरनेटवर सगळे सारखे. तिथे कोण कोणाचा चेहरा बघत नाही."

मग बी विंगमधल्या एका घरातून मोबाइल गेला.

दोन दिवस ग्रुपवर तोच विषय. कॅमेरे बसवा. अंगठ्याचं मशीन आणा. शेवटी ठरलं की सोसायटीत येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो, नाव, पत्ता ग्रुपच्या पानावर लावायचा, म्हणजे घरबसल्या सगळ्यांना बघता येईल. त्रेसष्ट बायका. काम मला दिलं. मी केलं. नीट केलं. साहेब खूश झाले.

फोटो लावले त्या दिवशीच खाली लोक लिहायला लागले.

"१७ नंबरचा चेहरा बघा. मी हिला दारातसुद्धा उभी करणार नाही."

त्याखाली एका गृहस्थाने लिहिलं, "आदिवासी दिसते. यांना चोरी ही चोरी वाटतच नाही."

त्याखाली कोणीतरी कोलन आणि कंस टाकून हसू काढलं होतं. मी ते हसू किती वेळ बघत बसले ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "यादीत जातीचा कॉलम टाक. घरात कोण येतंय ते लोकांना कळायला नको?"

मी कॉलम टाकला. एकेकीला बोलावून जात विचारली. आईला बोलावलं नाही. तिची मला माहीत होती. तिच्या नावापुढे टाइप केली. चार अक्षरं. बोटं थरथरली वगैरे काही नाही. मला सवय झाली होती.

आठवड्याने मोबाइल सापडला. ज्यांचा गेला त्यांच्याच गाडीच्या सीटखाली. ग्रुपवर एका ओळीचा मेल आला. लोकांनी अभिनंदन केलं. आता ते फोटो काढून टाका, असं एकानेही लिहिलं नाही. आईच्या फोटोखालची वाक्यं तशीच राहिली.

त्या दुपारी साहेब जेवायला गेले होते. मी एक नवीन ईमेल आयडी काढला. नाव ठेवलं 'रहिवासी'. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं.

"या त्रेसष्ट जणींना विचारलं होतं का? त्यांचे फोटो कोण कोण बघतं, खाली काय काय लिहितं, हे त्यांना सांगितलं का? मोबाइल सापडला, मग फोटो अजून का आहेत? माझ्या घरी येणाऱ्या बाईचा फोटो इथे लागतो, तर माझा फोटो तिच्या चाळीत का लागत नाही? ती कोणाच्या घरात पाय टाकते हे तिलाही कळायला हवं."

पाठवलं. उठून संडासात जाऊन बसले.

परत आले तर सात उत्तरं. संध्याकाळपर्यंत तीसच्या वर. काही चिडलेले. पण काही म्हणत होते, मुद्दा बरोबर आहे. आणि अनिरुद्ध सरांनी लिहिलं, "'रहिवासी' यांनी विचारलेला प्रश्न आपण सरकारलासुद्धा विचारत नाही. माहिती एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, हे चालणार नाही. इतकी स्वच्छ मांडणी या ग्रुपवर मी आजवर वाचली नाही."

मी ती ओळ पाठ केली.

दहा-बारा दिवस मी रोज लिहीत होते, बहुतेकदा सतरा नंबरच्या फोटोखालच्या वाक्यांवर. ते उत्तर देत होते. मला 'आपण' म्हणत होते. आपलं म्हणणं पटलं, आपण पुढे बोलावं. आयुष्यात मला कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं. सकाळी तेच सर ऑफिसात येऊन माझ्या टेबलावर कागद टाकायचे. "ए, याच्या दोन झेरॉक्स मारून ठेव." मी मारून ठेवायचे. आतल्या आत हसायचे. मला वाटायचं, मी जिंकतेय.

मग त्यांनी मतदान ठेवलं. फोटो काढावेत की ठेवावेत. मत देताना प्रत्येकाने आपला फ्लॅट नंबर लिहायचा.

माझ्याकडे फ्लॅट नव्हता. मी लिहिलं, "मुद्दा महत्त्वाचा की नंबर?"

दोन दिवस त्यांचं उत्तर आलं नाही. मला माहीत नव्हतं की मेलच्या पोटात तो कुठल्या कनेक्शनवरून आला हे लिहिलेलं असतं. सरांना ते वाचता येत होतं. कनेक्शन त्यांनीच लावलेलं.

रविवारी सकाळी कमिटीने मला हॉलमध्ये बोलावलं. नऊ माणसं खुर्च्यांवर. मला बस म्हणाले नाहीत. टेबलावर माझ्या सगळ्या मेलच्या छापील प्रती.

"वाच," प्रधानसाहेब म्हणाले. "मोठ्याने."

मी वाचायला लागले. एक बाई मध्येच हसल्या. "स्पेलिंग बघा हो."

अनिरुद्ध सर म्हणाले, "खरं सांग. कोणी लिहून दिलं तुला?"

"कोणी नाही. मीच लिहिलं."

"हे तू लिहिणं शक्य नाही. कुठली संघटना आहे? कोणाचं ऐकून हे करतेस?"

"माझं मीच लिहिलं, सर."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला नाही. बसला असता तर त्यांना जास्त त्रास झाला असता, हे मला आज कळतं.

प्रधानसाहेब म्हणाले, "त्रेसष्ट बायका आहेत. तुझ्या मेलमध्ये सारखं सतरा नंबर, सतरा नंबर. तिचा एवढा पुळका का?"

कोणीतरी टेबलावर पेन आपटत होतं.

"ती माझी आई आहे."

पेन थांबलं. मग साहेब कमिटीकडे वळून म्हणाले, "म्हणजे ऑफिसच्या चाव्या आपण यांच्याच हातात दिल्या होत्या."

वॉचमनला पाठवून आईला कामावरून उठवून आणलं. हात ओले, कोपरापर्यंत साबणाचे ओघळ. ती दारातच थांबली. तोवर माझी पर्स टेबलावर उलटी केली होती. कंगवा, रुमाल, पेन. डबा उघडला. भाकरी आणि सुकट. हसलेल्या बाईंनी नाकाला पदर लावला. "बंद करा ते. शी."

"तुझी मुलगी?" साहेबांनी आईला विचारलं.

"हो, साहेब."

"सांग तिला माफी मागायला. लेखी. मग बघू ठेवायची की नाही."

आईने मला नाही सांगितलं. तिनेच हात जोडले. "चुकली ती. पोर हाय. मी मागते माफी."

"तू कशाला? तिला मागू दे." मग साहेबांना काहीतरी सुचलं. "आणि हिचा पण फोटो लावा. चौसष्ट नंबर. कामवालीची मुलगी, हिचा पत्ता आपल्याकडे खोटा असणार."

पाटी कपाटातून बाहेर आली. कोणीतरी खडू शोधला. चौसष्ट लिहून पाटी माझ्यापुढे धरली. कॅमेरा अनिरुद्ध सरांनी घेतला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. जवळ पडला होता, त्यांनी उचलला.

मी पाटी घेतली. घेतली, कारण समोर आलेली वस्तू हातात घ्यायची सवय होती. भिंतीपाशी गेले. सर म्हणाले, "जरा सरळ उभी राहा."

आईने डोळे मिटून घेतले होते.

मी पाटी जमिनीवर ठेवली. फेकली नाही. वाकून ठेवली.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"फोटो नाही. माफी नाही. जे लिहिलं ते खरं आहे आणि मी लिहिलं आहे." मग सरांकडे बघितलं. "सर, तुम्हीच म्हणालात, प्रश्न बरोबर आहे. प्रश्न तोच आहे. काय बदललं?"

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. "तेव्हा मला वाटलं..." म्हणाले आणि थांबले.

वाक्य प्रधानसाहेबांनी पुरं केलं. "त्यांना वाटलं, आपल्यापैकी कोणीतरी लिहितंय."

मी पर्समधलं सामान भरलं. डब्याचं झाकण लावलं. आईचा हात धरून बाहेर पडले.

दुपारपर्यंत आईची चारही घरं गेली. बायकांनी दार न उघडता आतूनच सांगितलं. सातिवलीच्या रस्त्यावर गोदामांपाशी ती थांबली आणि तिने माझ्या मुस्काटात मारली. लोक बघत होते. मला वाटलं कामं गेली म्हणून मारलं. मी म्हणाले, "आई, मी तुझ्यासाठीच बोलले."

"आज बोललीस," ती म्हणाली. "आज तुझ्या हातात पाटी दिली तेवा बोललीस. माझ्या हातात तूच दिलीस, तेवा कोन होते मी? मावशी?"

त्यांनी केलेला अपमान मी सगळ्यांना सांगते. मी केलेला सांगायला मला इतकी वर्षं लागली.

सोमवारी मी सोसायटीत अर्ज घेऊन गेले. आईचा फोटो आणि जात काढून टाका. गेटवरच परत पाठवलं. पोलीस चौकीत गेले. तिथले हवालदार म्हणाले, "फोटो लागला म्हणून काय झालं? सिनेमावाल्यांचे पण लागतात." सायबर कॅफेत जाऊन ग्रुप उघडला. माझे सगळे मेल पुसले होते. लोकांची उत्तरं तशीच होती. कोणाला उत्तर देतायत ते मात्र दिसत नव्हतं. वर अनिरुद्ध सरांची ओळ: "गैरवापरामुळे काही मजकूर काढला आहे." मतदान रद्द. त्याच महिन्यात सरकारने आणखी काही बंद केलं, तेव्हा त्यांनी पुन्हा अभिव्यक्तीवर लांब मेल लिहिला. चांगला लिहिला होता. लोकांनी वाहवा केली.

मग मी त्या बायकांची घरं शोधली. यादी मीच टाइप केली होती, पत्ते पाठ होते. सातिवली, मनवेलपाडा, जिथे जिथे त्या राहायच्या तिथे. दारात बसून त्यांच्या फोटोखाली काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. बहुतेकींनी ऐकून घेतलं नाही. चौघी अर्ज द्यायला तयार झाल्या. चौघींचं काम गेलं. एकीने भर चाळीत मला शिव्या दिल्या. "तुझ्या शिक्षणाला आग लागो," म्हणाली. मी उभी राहून ऐकल्या. त्या माझ्याच होत्या.

फोटो निघाले की नाही, मला माहीत नाही. ग्रुप पुढे बंद पडला. आईचा तो ओढून मिटलेला ओठ कोणाच्या तरी कॉम्प्युटरात आजही असेल, नाव, पत्ता आणि चार अक्षरांसकट. ते मी परत आणू शकत नाही. आईने मला माफ केलेलं नाही आणि मी तिच्याकडे माफी मागून सुटणार नाही.

पण त्या दिवसापासून मी कोणाचीही यादी केलेली नाही. दोन नोकऱ्या त्यापायी सोडल्या. कुठलाही फॉर्म समोर आला की विचारते, हे कोण बघणार, कुठे ठेवणार, फाडणार कधी. लोक वैतागतात. मागे रांग ओरडते. ओरडू दे. उत्तर मिळेपर्यंत मी पेन उघडत नाही, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही उघडू देत नाही.

इथेही मी नाव लिहिलेलं नाही. घाबरून नाही. तुम्ही त्याचं काय करणार, हे अजून मला कोणी सांगितलेलं नाही.