दातातली गाठ

माझा पुढचा एक दात खोटा आहे. खरा कसा गेला ते मी पुष्कळांना रंगवून सांगतो. त्या संध्याकाळी मी सुटलो कसा, ते मात्र एकाच माणसाला सांगितलं.

दोन हजार एकचा ऑक्टोबर. न्यू यॉर्कचे टॉवर पडून महिनाच झाला होता. मी जुन्या अरब नावाड्यांच्या पोथ्यांवर पीएच.डी. करत होतो. माझे सर कैरोचे, अरब. त्या नावाड्यांचं एक साधन त्यांनी मला हाताने करून दिलं होतं: लाकडी पाटी, तिला ओवलेली दोरी, दोरीला एकेका बंदराची एकेक गाठ. हव्या त्या बंदराची गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, पाटीची खालची कड क्षितिजाला लावायची. वरच्या कडेवर ध्रुव बसला, की जहाज त्या बंदराच्या रेषेत आलं. साधनाचं नाव कमाल.

माझ्या नागपूरच्या रूममेटने न्यू यॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरहून ड्राइव्ह करून मला उत्तरेला समुद्र दिसेल अशा किनाऱ्यावर नेलं. सरांनी या किनाऱ्यासाठी मुद्दाम मारलेली गाठ मी दातात धरली, आणि दिवेलागणीला ध्रुव कडेवर नेमका बसला. मी हाताने खूण केली आणि हा गाढव नाचत बोंबलला, "कमाल! अरे, कमाल आहे यार!"

मागे दोघं बिअर पीत बसले होते. त्यांना ते माझं नाव वाटलं. "ए कमाल!" ओरडत एक जण धावत आला आणि मी वळायच्या आत त्याने पाटी हिसकली. गाठ दातातच होती. दात कटकन तुटला, तोंड रक्ताने भरलं. दुसऱ्याने पोटात लाथ घातली, पडल्यावर बरगड्यांत घातल्या. रूममेटला एका ठोशात आडवा केला. पाटी बुटाखाली मोडली. मी रक्त थुंकत किंचाळलो, "मी अरब नाही! इंडियन आहे, हिंदू!"

ते थांबले. एकाने चक्क सॉरी म्हटलं. ते ऐकून मला बरं वाटलं, याची आजही चीड येते.

पळून सुटलो, असं सरांना सांगायचं मी ठरवलं होतं. पण टेबलावर तुकडे ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "सोडलं कसं त्यांनी?" आणि मला खोटं बोलवेना.

"अरब नाही म्हणालो."

"खरंच तर बोललास." त्यांनी दोरी उचलली. रक्ताने काळी पडलेली गाठ सापडेपर्यंत ते एकेक गाठ चाचपत राहिले. मग विचारलं, "आणि मला धरलं, तर मी काय म्हणायचं?"